मेंटॉर होण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रथम मेंटी मिळवावेत. त्यासाठी हालचाल करावी लागत नाही. जुलैत नोटीस बोर्डावर यादी लागते आणि टीवायचे वीसेक जण परस्पर आपल्या नावावर चढलेले दिसतात. त्यातले चार-पाच वर्गात येतात. उरलेल्यांची ओळख नॅकची तपासणी ठरल्यावर, मेंटॉर डायरी भरताना होते. डायरी निरनिराळ्या पेनांनी भरावी. तीन वर्षांच्या भेटीगाठी एका दुपारी एकाच शाईने उरकणारे सहकारी आहेत. त्यांना कलेची चाड नाही.

मग ध्येय विचारावे. "सर, बघू" असे उत्तर येते. आणखी खोदल्यास एमपीएससी, त्याखाली बी.एड. तिथे थांबावे.

बायोडेटात छंद म्हणून 'वाचन' लिहिले असल्यास शेवटचे काय वाचले ते विचारावे. तो स्वतःच खोडतो.

शिफारसपत्र हा या शास्त्राचा गाभा. त्याची मागणी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येते: "सर एलओआर पाहिजे होतं. उद्या लास्ट डेट आहे." फोटोच्या जागी सूर्यास्त असतो. 'आपण कोण?' असे विचारू नये, मन दुखावते. सोबत मजकूरही तयार असतो, मागच्या वर्षीच्या सीनियरचा. त्यात हा दाढीवाला मुलगा 'ही विद्यार्थिनी' असतो आणि मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख. मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुणसंपन्न ही तीन विशेषणे आधी काढावीत. ती सगळ्यांच्याच पत्रात असतात, म्हणून कुणी वाचत नाही. त्याऐवजी प्रयोगशाळा आठवावी. बार पेंडुलमवर 'जी' बरोब्बर 9.8 आणणाऱ्याने तो जर्नलमधून आणलेला असतो. ज्याचा 10.4 आला, ज्याने खाडाखोड न करता पुन्हा वाचने घेतली आणि लोलकाचा आधारच हलत होता हे शोधून काढले, त्याचे पत्र मी रात्री बारालाही लिहितो. कुरकुर करत, पण लिहितो.

खरं सांगू? हुशारी कमी नसते या पोरांत, तारखा माहीत नसतात. आयआयटीत एम.एस्सी.ला घेणाऱ्या जॅमची परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज सप्टेंबरातच सुरू होतात. आमच्या पोरांना ती मार्चमध्ये कळते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या उन्हाळ्यात दोन महिने संशोधनाला पाठवतात, विद्यावेतन देऊन. त्याचे अर्ज आधीच्या दिवाळीच्या आसपास भरायचे असतात, तेव्हा पोरं गावी. म्हणून ऑगस्टात फळ्याच्या कोपऱ्यात तारखा लिहून खाली 'पुसू नये' लिहावे. दुसऱ्या दिवशी मराठीच्या मॅडम 'पुसू नये'सकट पुसतात. पुन्हा लिहावे.

आणि जॅमला बसणाऱ्याने चुकीला गुण कुठे कापतात ते नीट वाचावे. 60 प्रश्न, 100 गुण, तीन तास. कापाकापी फक्त पहिल्या भागात. आमचे वीर तिथे बेधडक ठोकतात आणि शेवटचा आकडेमोडीचा भाग, जिथे चुकले तरी काही जात नाही, तो भीतीने कोरा सोडतात!

शेवटी पालक. वडील कॉलेजात आले की चहा मागवावा. "एम.एस्सी. करून काय होतं?" असे ते विचारतात, पण त्यांना जाणून घ्यायचे असते होस्टेलचा खर्च किती आणि मुलगी राहणार कुठे ते. दोन्ही आधीच कागदावर लिहून ठेवावे. ते कागदाची घडी करून खिशात घालतात, गरगरणाऱ्या पंख्याकडे बघतात.

"सर, तुमचं शिक्षण?"

"एम.एस्सी., पीएच.डी."

ते केबिनभर एकदा नजर फिरवतात.

"मग बी.एड.च बरं."