जुन्या साडीतून नवा ब्रँड : नवशिक्यांसाठी

शिवता येत नाही? उत्तम. या धंद्यात शिवणारे पुष्कळ मिळतात, त्यांना रोजावर ठेवता येतं. तुमच्याजवळ हवा पर्यावरणाचा कळवळा, फोटोसाठी एक पांढरी भिंत आणि सासूबाईंच्या कपाटाची किल्ली.

१. माल गोळा करा. आई, मावशी, सासूबाई यांच्याकडून साड्या "आठवण म्हणून" मागून आणा. कात्रीचा विषय इतक्यात काढू नका. घरचा साठा संपला की बोहारणीकडे वळा. ती साडी उजेडात धरते, पदराची विरलेली जागा बोटाने बरोबर शोधते, जॉर्जेट बाजूला सारते आणि जीन्स दिसली की चेहऱ्यावर काहीही न दाखवता पातेलं एका नंबरने मोठं करते. ही विद्या दारात उभं राहून फुकट शिका आणि स्वतःच्या बायोडेटात "टेक्स्टाइल सोर्सिंग" या सदरात घाला. तिचा टोपलीसकट फोटो मात्र घ्या, कॅटलॉगच्या पहिल्या पानाला शोभतो. नाव विचारलं नाही तरी चालेल.

२. पैठणी कापा. इथे काहींचा हात थरथरतो. साहजिक आहे, पाणी प्या. जुन्या पैठणीची जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. असल्या साड्या विकत घेऊन, जाळून त्यांतली चांदी काढणारे व्यापारी आहेत. त्यांना जाहीरपणे रानटी म्हणा. मग तीच पैठणी कापून लॅपटॉपची पिशवी करा. मोर असा कापा की चोच एका पिशवीवर येईल आणि पिसारा दुसरीवर, म्हणजे दोन्ही "एकमेव" ठरतात. विणकराने येवल्यात त्या पदरावर आठवडेच्या आठवडे घातले असतील, तुमचं काम चहा निवायच्या आत होतं. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटसुलट जवळजवळ सारखाच दिसतो, अस्तराची गरज नसते. तरी अस्तर लावा. पॉलिएस्टरचं लावा, टिकतं.

३. गोधडीचं जॅकेट. हे तुमचं हुकमी पान. लुगड्याचे थर, वर ठिगळं, त्यावर धावदोरा. गिऱ्हाइकाच्या माळ्यावर आजीची अशीच गोधडी पडलेली असते. तिची आठवण करून देऊ नका. अडचण एकच : गोधडी शिवणाऱ्या बाईंचा टाका फार सरळ पडतो. बाईंना समजावून सांगा की थोडा वाकडा घाला, नाहीतर लोकांना मशीनचा वाटतो. बाई चाळीस वर्षं टाका सरळ यावा म्हणून झटल्या, त्यांना जरा वेळ लागेल. धीर धरा. मजुरी टाक्यावर नको, नगावर ठरवा.

४. जुनं कमी पडलं तर? पडणारच. दुकानदार एकाच रंगाची, एकाच मापाची चाळीस जॅकेटं मागतो आणि लोकांच्या आज्या इतक्या शिस्तीने लुगडी नेसलेल्या नसतात. इचलकरंजीहून नवं कोरं कापड मागवा आणि धुलाईच्या कारखान्यात दगडांबरोबर घुसळून जुनं करून घ्या. त्यात पाणी किती गेलं ते मोजत बसू नका. मन खात असेल तर मोठ्यांकडे पाहा : बालेन्सियागाने २०२२ मध्ये मुद्दाम फाडलेले, मळवलेले नवे बूट १,८५० डॉलरला विकायला काढले होते. तुम्ही त्या मानाने संत आहात.

५. पानिपतला जाऊ नका. तिथे जगभरचे टाकलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी येतात. बायका ते रंगाप्रमाणे निवडतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. यंत्रं ते फाडून पिंजतात, त्याचं सूत होतं, सुताची ब्लँकेटं होतात आणि स्वस्तात खपतात. एकाही ब्लँकेटला मनोगत जोडलेलं नसतं. हे पाहून आल्यावर ब्रँड काढण्याचा उत्साह राहत नाही. शिवाय मराठी माणसाने पानिपतला एकदा जाऊन पाहिलेलं आहे.

६. किंमत. आकडा असा ठेवा की तुमच्या आईने तो ऐकून "कशाचे?" असं विचारावं.

७. पॅकिंग. खादीच्या चिंधीत गुंडाळा, सुतळी बांधा, वाळकं फूल खोचा. मग हे सगळं बबल रॅपमध्ये घालून विमानाने न्यू जर्सीला पाठवा.

८. जॅकेटं खपली नाहीत तर खचू नका. "चिंधीतून कला" अशी रविवारची कार्यशाळा ठेवा. फी माणशी साडेतीन हजार, चहा वेगळा. शिकवायला गोधडीवाल्या बाईंनाच बोलवा, पण ओळख स्वतःची करून द्या. जुन्या साड्या प्रत्येकीने घरून आणायच्या आहेत आणि उरलेले तुकडे इथेच ठेवून जायचे आहेत, हे पत्रकात ठळक छापा.