होडीचा वाटा

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करायचं, हे आमच्या सोसायटीत ठरलेलं आहे. टेकडी, शेअर बाजार, नातवंडं, आणि यातलं काहीच जमलं नाही तर सोसायटीची निवडणूक. मी बायबल अभ्यासात एम.ए. करायचं जाहीर केलं, तेव्हा चेअरमननी पहिला प्रश्न विचारला, "यात रिटर्न काय आहेत?" दुसरा प्रश्न बायकोचा होता. "अहो, पण फी किती?"

आमच्या मंडळीत मात्र सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की याला आता पाळक व्हायचंय. विद्यमान पाळकांनीही तोच काढला आणि शिफारसपत्र द्यायला पुष्कळ वेळ लावला.

खरं कारण क्षुल्लक होतं. बुधवारच्या शास्त्राभ्यासाला एक गृहस्थ येत. चर्चा रंगात आली की ते हळूच म्हणत, "पण मूळ हिब्रूत काय आहे, माहीत आहे ना?" आणि डोळे मिटत. सगळे गप्प. त्यांना हिब्रूचं अक्षरही येत नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्यांचं खातं आमच्याच शाखेत होतं आणि त्यांना चलनही मला भरून द्यावं लागे. तरीही त्या डोळे मिटण्याचा मला हेवा वाटे. आपणही एकदा मिटायचे, पण खरं शिकून मिटायचे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

पाळकांनी समजावलं, की सेरामपूरची एम.टी.एच. करायची तर आधी बी.डी. लागते. ते स्वतः सेरामपूरचे बी.डी. त्या विद्यापीठाला पदव्या द्यायचा अधिकार १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला, हे ते संधी मिळेल तिथे सांगतात. अंत्यविधीलाही सांगितलेलं मी ऐकलं आहे. माझ्यासारख्या उशिरा जागे झालेल्यांसाठी त्यांनी एम.ए.चा रस्ता दाखवला, तो पुण्यातल्याच एका सेमिनरीत जात होता.

मुलाखतीला तिघे बसले होते. "तुम्हाला पाचारण कधी झालं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. शमुवेलाला रात्री झोपेत हाक आली, आमोस मेंढरांमागे होता. मी म्हणालो, "ग्रॅच्युइटी जमा झाली त्या महिन्यात." कुणी हसलं नाही. मग मी घाईघाईने सांगितलं, की मत्तय जकातनाक्यावर बसलेला असताना त्याला बोलावलं गेलं, म्हणजे हिशेबखात्यातून भरती करण्याची पद्धत जुनीच आहे. मला प्रवेश मिळाला. माझ्या मते जागा रिकाम्या होत्या.

वर्गात मिझोराम, नागालँड, केरळ, आंध्र असा सगळा भारत होता आणि त्याचं सरासरी वय माझ्या चष्म्याच्या फ्रेमइतकं. पहिल्याच दिवशी मी 'अंकल' झालो. हिब्रूच्या तासाला मी नवी कोरी वही उघडली, वर सुबक अक्षरात तारीख घातली आणि शेजारच्या मिझो मुलाने ती हलकेच उलटी करून ठेवली. हिब्रू उजवीकडून डावीकडे. पुस्तकही आपण शेवटचं पान म्हणतो तिथून सुरू होतं. वर्ग सुरू होऊन मिनिट झालं नव्हतं आणि मी पुस्तक संपवून बसलो होतो.

अक्षरं फक्त २२. मला वाटलं, मराठीची एवढी मोठी बाराखडी जिरवलेल्या माणसाला बावीस म्हणजे काय! पण ती सगळी व्यंजनं. स्वर म्हणजे अक्षरांच्या खाली-वर-पोटात मारलेले ठिपके आणि रेघा. सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान गालील सरोवराकाठच्या तिबिर्या गावातल्या मासोरेती पंडितांनी ते बसवले. त्या पंडितांना बायफोकल चष्मा नव्हता, म्हणून त्यांना ते परवडलं. दालेथ आणि रेश यांच्यात कोपऱ्याचा फरक, हे आणि हेथ यांच्यात एका फटीचा. बँकेत मी बनावट सह्या ओळखायचो, इथे खरी अक्षरं ओळखता येईनात.

एकदा सरांनी मला उत्पत्तीतलं एक वाक्य फोडायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि एका शब्दाखालच्या ठिपक्यावर बोललो. हा हिरेक, म्हणजे इथे इकार, म्हणजे क्रियापदाचं रूप प्रयोजक, म्हणजे अर्थ बदलतो. चांगलं वजनदार बोललो. डोळे मिटायच्या बेतात होतो. सर माझ्या बाकाशी आले, पुस्तकावर वाकले आणि त्यांनी हलकेच फुंकर मारली. हिरेक उडून गेला. तो मधल्या सुट्टीतल्या खारीचा होता.

घरी येऊन मी पंडिता रमाबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवला. केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका सांभाळत, ऐकायला जवळजवळ येत नसताना, त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं होत आलं होतं. मला पेन्शन होती, पंखा होता, दुपारची झोप होती. असा फोटो समोर ठेवून दालेथ-रेश घोटणं शक्य नव्हतं.

क्रियापदांची गोष्ट याहून वाईट. हिब्रू व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांनी रूपं पाठ करायला नमुना म्हणून निवडलेलं क्रियापद आहे 'कातल', म्हणजे ठार मारणं. दुसरी पुष्कळ चालवून पाहिली तर मध्येच एखादं अक्षर अडतं म्हणे, हे मात्र सरळ चालतं. मी पहाटे बाल्कनीत येरझाऱ्या घालत अर्थासकट घोकायचो. त्याने ठार मारलं, तिने ठार मारलं, तू ठार मारलंस, मी ठार मारलं. हे रोज. शेवटी खालच्या मजल्यावरचे निवृत्त संस्कृत शिक्षक वर आले आणि बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या वर्षी ग्रीक आलं. ग्रीकवाल्यांचा नमुना सौम्य आहे. त्यांचं क्रियापद 'लुओ', सोडणं. मी सोडतो, तू सोडतोस, आम्ही सोडू, आम्ही सोडलं असतं. आतून बायको ओरडली, "काय सोडताय? कोर्स?" आवाजात आशा होती.

संस्कृत सरांशी मात्र त्या भेटीतून दोस्ती झाली. मी त्यांना बायबलच्या चिकित्सक आवृत्तीचं पान दाखवलं. वर दहा ओळी संहिता, खाली बारीक टाइपात कुठल्या हस्तलिखितात काय पाठ आहे याची नोंद. १००८ सालच्या एका हस्तलिखितावरून ही हिब्रू संहिता छापतात, म्हटलं. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे भांडारकरच की!" आणि त्यांनी मला ओढतच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात नेलं. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली, सुकथनकरांनी तिची पद्धत घालून दिली आणि ती १९६६ मध्ये पुरी झाली. देशभरच्या पोथ्या आणून ताडून पाहिल्या. मी त्या इमारतीमागच्या टेकडीवर आयुष्यभर फिरायला गेलो होतो; माझ्या मते ते कसलंसं सरकारी कार्यालय होतं. सर तिथेही थांबले नाहीत. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती याच कळकळीने, तुम्ही लोक उशिरा आलात, असं त्यांनी मला परतीच्या रिक्षात ऐकवलं. 'तुम्ही लोक' म्हणजे ख्रिस्ती की बँकवाले, ते मी विचारलं नाही.

पाठचिकित्सेत एक नियम आहे, दोन पाठांतला अवघड असेल तो बहुधा मूळचा, कारण नक्कल करणारा अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड करत नाही. हा नियम मांडणारे कधी कुठल्या सरकारी परिपत्रकाची नक्कल करायला बसले नसावेत.

एवढं शिकल्यावर ते कुठेतरी ओतायची घाई झाली. आमच्या मूळ गावी, नगर जिल्ह्यात, पाळक परगावी गेल्यामुळे एका रविवारी मला उपदेश करायला बोलावलं. मी नोहाचा जलप्रलय घेतला. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तारवात प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायला सांगितलंय, सातव्या अध्यायात शुद्ध पशूंच्या सात-सात. मी मंडळीला सांगितलं, की वेलहाउझेन नावाच्या जर्मन पंडिताने हे नीट मांडलं, की इथे दोन निराळ्या परंपरा एकमेकींत विणलेल्या आहेत. एक देवाला एका नावाने हाक मारते, दुसरी दुसऱ्या. फळ्यावर दोन रंगांच्या खडूने मी प्रलय वेगवेगळा करून दाखवला. लाल पाऊस चाळीस दिवसांचा, पांढऱ्या पाण्याचा जोर दीडशे दिवसांचा. सगळे फार शांत होते. मला वाटलं, पटतंय.

नंतर आत्याकडे जेवायला गेलो. आत्याने ऐंशी कधीच ओलांडली आहे. तिचं शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत आणि स्तोत्रसंहिता तोंडपाठ. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "एक जोडी व्हती का सात व्हत्या, ते राहू दे बाबा. पाऊस तर पडला ना?"

मी म्हटलं, "पडला."

"मंग ते सांगायचं व्हतं. हितं तीन वर्षं झाली लोक आभाळाकडं बघत्यात."

त्या गावाने मला पुन्हा बोलावलेलं नाही.

राहिला लघुप्रबंध. मला 'बायबल आणि बँकिंग' हा विषय हवा होता. मार्गदर्शकांनी तो कापत कापत योहानाच्या एकविसाव्या अध्यायावर आणला, मग अकराव्या वचनावर, आणि शेवटी एका आकड्यावर. पुनरुत्थानानंतर शिष्य तिबिर्याच्या सरोवरात रात्रभर जाळं टाकतात, हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावरून येशू सांगतो, उजव्या बाजूला टाका. जाळं भरतं, आणि त्यात मोठे मासे निघतात १५३. दीडशे नाही, 'पुष्कळ' नाही. १५३. का?

हे ऐकून माझ्यातला शाखाधिकारी खडबडून जागा झाला. इतके महिने ठिपके मोजले, अखेर आकडा! ऑगस्टीनने दाखवलं, की एकपासून सतरापर्यंतचे आकडे मिळवले की १५३ होतात. आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं. जेरोम म्हणाला, ग्रीक लेखकांच्या मते माशांच्या जातीच १५३ आहेत. १९५८ मध्ये एमर्टन या विद्वानाने यहेज्केलाचा सत्तेचाळिसावा अध्याय उघडला. तिथे एन-गेदीपासून एन-एग्लइमपर्यंत कोळी उभे राहतील असं भाकीत आहे. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असतं, तेव्हा गेदी म्हणजे ३+४+१०, सतरा. आणि एग्लइम म्हणजे ७०+३+३०+१०+४०, एकशे त्रेपन्न. मी ही बेरीज कॅल्क्युलेटरवर करून पाहिली. बरोबर निघाली. रात्री झोप लागेना. एक, पाच आणि तीन यांचे घन मिळवले तरी १५३ येतात, हे मला पहाटे सापडलं आणि मी सूर्योदयाआधी मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, "बरं. मग?"

मग काय ते मला माहीत नव्हतं. त्या रविवारी मासळी बाजारात नेहमीच्या मावशींकडे बांगडे घेताना मी सहज विचारलं, "मावशी, जाळ्यात मासे आले की मोजतात का हो?"

"मोजायला नको? वाटे कसे पाडणार मग?"

मी पिशवी तिथेच ठेवून घरी आलो. बांगडे आणायला बायकोला पुन्हा जावं लागलं. सोळाशे वर्षं सगळे आकड्याचा अर्थ शोधत बसले आणि मोजणी मुळात वाट्यांसाठी! दुसऱ्या वचनात होडीवरची माणसं दिली आहेत: पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोघे मुलगे आणि आणखी दोघे. सात. १५३ भागिले ७, प्रत्येकी २१, बाकी ६. हे सहा मासे कुणाचे? माझ्या लघुप्रबंधातलं सर्वांत मोठं प्रकरण या सहा माशांवर होतं.

मार्गदर्शकांनी ते उडवलं. 'मासळी बाजार, मौखिक' अशी तळटीप मी दिली होती, तिच्याभोवती त्यांनी लाल गोल काढला. प्रमाणित संदर्भ नाही. उरलेला प्रबंध ऑगस्टीनपासून एमर्टनपर्यंत सगळ्यांची मतं नीट मांडून संपला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक आंध्रच्या किनाऱ्यावरचे, कोळी कुटुंबातले होते. त्यांनी प्रबंध चाळला आणि विचारलं, "थोडक्यात निष्कर्ष सांगा."

मी घसा साफ केला. "मासे १५३ होते."

"ते वचनातच आहे."

खोलीत पंखा फिरत होता. मार्गदर्शक खिडकीबाहेर बघत होते. घाबरून मी ते उडवलेलं सगळं सांगून टाकलं. मावशी, वाटे, सात माणसं, उरलेले सहा. परीक्षकांनी पहिल्यांदाच चष्मा काढला.

"होडीचा वाटा कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे होडीला एक वाटा असतो. जाळ्याला एक. सात माणसं, होडी, जाळं. नऊ. भागा आता."

मी भागलं. प्रत्येकी सतरा, बाकी शून्य. मार्गदर्शकही खिडकीतून आत वळले. ऑगस्टीनचा सतरा, गेदीचा सतरा आणि वाट्याचाही सतरा! मला उत्तीर्ण केलं, पण दुरुस्तीची अट घातली, की ते प्रकरण आणि ती तळटीप परत घालावी.

पदवीचा कागद हातात आल्यावर मी पेढे घेऊन मासळी बाजारात गेलो. मावशींना सगळा हिशेब समजावला. सात माणसं, एक होडी, एक जाळं, सतरा-सतरा, बाकी काही नाही. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"काका, अन् विकणारीचा वाटा?"

दहाने भागून पाहिलं. तीन उरतात. हे मी मार्गदर्शकांना अजून कळवलेलं नाही.