धबधब्याला तारीख देणाऱ्या सहलप्रमुखांस

प्रति,
माननीय सहलप्रमुख तथा ग्रुप अ‍ॅडमिन,
समस्त मराठी कुटुंबे (वर्षासहल विभाग)

स. न. वि. वि.

जुलैच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी सहकुटुंब दूधसागरला जायचे, हा आपला ठराव ग्रुपवर अंगठ्यांच्या घोर बहुमताने मंजूर झाला, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. आपले नियोजन पाहून एखाद्या मंगल कार्यालयाच्या मालकालाही हेवा वाटावा. माणसे मोजून झाली, टेम्पो ट्रॅव्हलर ठरली, आजीच्या गुडघ्यांसाठी पुढची सीट राखली गेली. दशम्या कोणी करायच्या आणि चटणी कोणी, यावरून होणारी धुसफूसही रीतीप्रमाणे पार पडली. प्रश्न एवढाच, की ज्याच्या भरवशावर हे चालले आहे त्या पक्षाला कोणी विचारलेले दिसत नाही. पाणी ग्रुपवर नाही, त्यामुळे त्याचा अंगठाही आलेला नाही. आपण त्याला तारीख दिली, वेळ दिली, दुपारी दीड ते साडेतीन असा स्लॉटही दिला. ते आपल्या सोयीने येईल आणि तेवढेच येईल, असे गृहीत धरण्यामागचा अभ्यास मात्र आपण जाहीर केलेला नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्याकडचा धबधबा जेव्हा बघण्यासारखा असतो, तेव्हा तो जवळ जाण्यासारखा नसतो. आणि जवळ जाण्यासारखा होतो, तेव्हा त्यातले बघण्यासारखे बरेचसे वाहून गेलेले असते. म्हणून चार वर्षांच्या नातवापासून पंच्याहत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्यांना एकत्र न्यायचे असेल, तर भर पावसातला धबधबा लांबूनच पाहावा. आपल्याला हे भित्रेपणाचे वाटेल याची कल्पना आहे. तरी आपण निवडलेल्या स्थळापासूनच सुरुवात करू.

दूधसागर मांडवीवर आहे, उंची सुमारे ३१० मीटर, चार टप्प्यांत कोसळणारा, आणि भगवान महावीर अभयारण्याच्या रानात गोवा-कर्नाटक हद्दीवर वसलेला. गोव्याच्या बाजूने तिथे नेणारी राजमान्य सोय म्हणजे कुळ्याहून सुटणारी जीप. ती रानातून, वाटेतले ओढे ओलांडत जाते आणि शेवटचा तुकडा दगडाधोंड्यांतून पायीच कापावा लागतो. ही जीप पावसाळ्यात बंद असते आणि साधारण ऑक्टोबरात सुरू होते. कारण साधे आहे: धबधब्याला जे पाणी भव्य करते, तेच पाणी वाटेतल्या ओढ्यांतूनही वाहते. म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरने जुलैत कुळ्याला पोचल्यावर आपल्याला दिसणार ते बंद जीपकाउंटर, त्यासमोर आपल्यासारखेच ठराव मंजूर करून आलेले इतर सहलप्रमुख आणि रेल्वेचे रूळ. पुढचा मोह या रुळांपाशीच सुरू होतो. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले, त्यानंतर गोव्याच्या वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली. त्यानंतरच्या रविवारीही दूधसागरकडे रुळांवरून पायी निघालेल्यांची झुंबड उडालीच. त्यांतल्या अनेकांना पोलिसांनी रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या, आणि ते चित्रण देशभर फिरले. प्रौढ नागरिकांना उठाबशा काढायला लावणे कोणत्या कायद्यात बसते, हे मला ठाऊक नाही. मात्र परवानगीशिवाय रुळांवरून चालणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ मध्ये गुन्हा म्हणून नक्की बसते. आजीचे गुडघे लक्षात घेता आपण या दोन्हींचा विचार करावा.

आता गंमत अशी, की ज्या रेल्वेच्या रुळांवरून लोकांना हाकलले गेले, तिनेच त्या वेळी सांगितले होते की धबधबा डब्यात बसून पाहा. हा सल्ला सरकारी असूनही चांगला आहे. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट पोर्तुगीज काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. त्याचा चढ ३७ मीटरला एक मीटर असा कडक आहे. एवढ्या चढावर जादा इंजिने लावून गाडी संथ चालते, आणि लोहमार्गाचा पूल धबधब्याच्या ऐन अंगावरून जातो. पावसाळ्यात तुषार खिडकीतून आत येतात. आजी बसलेली, नातू खिडकीशी, दशम्यांचा डबा मांडीवर, आणि समोर तीनशे मीटरचे पांढरेशुभ्र पाणी. यापेक्षा बरी कौटुंबिक व्यवस्था कोणत्याही सहलप्रमुखाला सुचलेली नाही. ती पोर्तुगीज काळातल्या अभियंत्यांकडून नकळत झाली. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस संध्याकाळच्या सुमारास हा घाट चढून मिरज-पुण्याकडे येते. उलट दिशेची गाडी इथून रात्री उतरते, तेव्हा धबधबा फक्त ऐकता येतो. वेळापत्रके बदलतात, ती तपासावीत, पण विचार असा करावा की गोव्याला जाणे कसेही होवो, परतीचा प्रवास या गाडीने.

यावर आपण म्हणाल की हे म्हणजे पोस्टर पाहण्यासारखे झाले. धबधबा अंगावर घ्यायचा असतो. २०१३ साली ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये दूधसागर झळकल्यापासून तर हा हट्ट अधिकच वाढला आहे. परंतु उंच गोष्ट पायथ्याशी उभे राहून दिसत नाही, ही साधी भूमिती आहे. चार टप्प्यांच्या धबधब्याखाली उभ्या माणसाला शेवटचा टप्पा दिसतो, तोही डोळे मिटलेले नसतील तर. अंगावर पाणी घेणे हा वेगळा आनंद आहे आणि तो खोटा नाही. पण त्याला उंच कडा लागत नाही, खोली लागत नाही, पुरातले पाणी तर मुळीच लागत नाही. बंगल्याच्या गच्चीवर जुलैची सर अंगावर घेणारे मूल तितकेच भिजते आणि तितकेच आनंदी होते. बघण्याची जागा आणि भिजण्याची जागा एकच असली पाहिजे, हा हट्ट पाण्याचा नव्हे, आपला आहे. आणि बहुतेक सहली बिघडतात त्या याच हट्टामुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आवाजात येतो, बहुधा काकांच्या: आम्ही दर वर्षी जातो, आजवर काही झाले नाही. ‘झाले नाही’ हा अनुभव पाण्याच्या बाबतीत पुरावा का होत नाही, हे समजून घ्यायला हवे. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड पडतो आणि उतार तीव्र असतो. खडकावर मातीचा थर पातळ, त्यात जुलैपर्यंत तो पाणी पिऊन तृप्त झालेला. त्यामुळे वर पडलेले पाणी जिरत नाही, थेट ओढ्यात येते. वरच्या पठारावर ढग मोकळा झाला, तर खाली ऊन पडलेले असतानाही काही मिनिटांत ओढा फुगतो. पाणी गढूळ होते, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागतात, आवाज बदलतो; जाणत्या माणसाला एवढी सूचना पुरते. पण आपण सोबत ब्लूटूथ स्पीकर नेलेला असतो, त्यामुळे आवाज बदलला हे कळायला वाव नाही. शिवाय सगळ्यांची पाठ पाण्याकडे आणि तोंड मोबाइलकडे असते, त्यामुळे रंग बदललेलाही दिसत नाही.

इथे थट्टा थांबवतो. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यावर पुण्यातले एक कुटुंब सहलीला आले होते. पाणी अचानक वाढले, माणसे प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी राहिली, काठावरच्यांना काही करता आले नाही. एक स्त्री आणि चार मुले, अशी पाच माणसे गेली. त्यांनी काही साहस केले नव्हते. आपल्यासारखाच एक रविवार ठरवला होता, आणि आदल्या क्षणापर्यंत त्यांच्याही बाबतीत काही झालेले नव्हते. एकमेकांना घट्ट धरणे हा कुटुंबाचा स्वभाव आहे. वाहत्या पाण्यात सहा जणांचा गठ्ठा एका माणसापेक्षा सुरक्षित ठरतोच असे नाही. एकटा तरणा गडी उडी मारून काठ गाठू शकतो, पण कडेवर मूल असलेली आई तसे करू शकत नाही. म्हणून साहसी तरुणांच्या टोळीला लागू पडणारे कोणतेही गणित कुटुंबाला लागू पडत नाही. माझा सगळा आग्रह या फरकापुरताच आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे: सरकार नुसती बंदी घालते, सोय का करत नाही? खरे आहे. भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले, आणि दर पावसाळ्यात कुठला ना कुठला जिल्हाधिकारी तसे काढतो. सरसकट बंदीत एक आळस आहे. दरीपलीकडून पाहणारा आणि डोहात उतरणारा, दोघेही तिला सारखेच. परिणामी दोघेही तिला मोडतात. साताऱ्याजवळ ठोसेघरला धबधब्यासमोर कठडा घातलेली प्रेक्षागॅलरी आहे, तिथे दरी मध्ये ठेवून भर पावसात धबधबा पाहता येतो. असे काम अनेक ठिकाणी होऊ शकते आणि व्हायला हवे. पण सोय झाली की मामला मिटला, असे मानणाऱ्यांनी १५ जून २०२५ चा कुंडमळा आठवावा. तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल त्या रविवारी माणसांच्या ओझ्याखाली कोसळला, चार जण दगावले. पूल धोक्याचा आहे अशी पाटी तिथे होती. म्हणजे पाटी लावणाऱ्यांनी वेळेत पूल उतरवला नाही आणि पाटी वाचणाऱ्यांनी पाय मागे घेतला नाही. यांतल्या पहिल्यांना जाब विचारलाच पाहिजे. दुसऱ्यांमध्ये आपण मोडतो, आणि तेवढे तर आपल्या हातात आहे.

राहता राहिला रोजगाराचा मुद्दा, तो दोन वाक्यांत आटोपतो. कुळ्याच्या जीपवाल्यांचा हंगाम पावसानंतरचाच आहे, तेव्हा त्यांची कणव खरी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत जा, लाइफ जॅकेट घाला, आणि पाणी उतरलेल्या डोहात परवानगी असेल तितके डुंबा. भजीवाल्याला तर आपण कठड्याच्या अलीकडे उभे आहात की पलीकडे, याने काहीच फरक पडत नाही. भजी कोरड्या माणसालाही लागते.

तेव्हा विनंती अशी. ग्रुपवर नवा ठराव टाकताना तारखेआधी एवढेच विचारावे की आपल्याला धबधबा पाहायचा आहे की पाण्यात उतरायचे आहे. पाहायचा असेल तर जुलै-ऑगस्ट, आणि आपण व पाणी यांच्यामध्ये दरी, कठडा किंवा रेल्वेच्या डब्याची खिडकी. उतरायचे असेल तर ऑक्टोबरनंतर, तेही लहानांना कोण धरणार हे आधी नावानिशी ठरवून. दोन्ही एकाच रविवारी हवे असेल, तर ठराव नामंजूर समजावा. मग अंगठे कितीही येवोत.

आपला,
अंगठा न दिलेला एक सभासद

ता. क. : रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातल्या गाडीसाठी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच जागा राखावी लागेल, आणि खिडक्या थोड्याच असतात.