विंचवाचं बिऱ्हाड डिकीत

अमेरिकेत सरकारी वनजमिनीवर फुकट मुक्काम करता येतो. नळ नाही, संडास नाही, बाकडं नाही, पावती फाडायला कोणी नाही. रस्ता सोडून आत शिरायचं, बरी जागा दिसली की तंबू ठोकायचा आणि बहुतेक ठिकाणी १४ दिवसांत चंबूगबाळं आवरायचं. महाराष्ट्रात ही चैन नाही. अभयारण्यातून अंधार पडायच्या आत बाहेर काढतात, आणि पवनेच्या काठी तंबू मिळतो तो आगाऊ पैसे भरून, स्पीकर आणि सकाळचे पोहे धरून. संयुक्त अरब अमिरातीत जंगल औषधालाच. पण वाळू आहे, आणि कुंपणं, राखीव क्षेत्रं, लष्करी हद्दी नि उंटांचे गोठे वगळून जी उरते तीही दोन-चार तालुके गिळेल एवढी आहे. तिथे आजही माणूस गाडी घालतो, थांबतो आणि झोपतो. मराठी माणूसही गाडी घालतो. लगेच थांबतोही, कारण ती रुतते.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. बाकीच्या महिन्यांत वाळवंटात राहणं हा मुक्काम नव्हे, भाजणी. सगळ्यात गर्दीचा मुहूर्त २ डिसेंबरचा. १९७१ साली याच दिवशी देश स्थापन झाला, त्यामुळे जोडून सुट्ट्या मिळतात आणि जो तो तंबू घेऊन बाहेर पडतो. एरवी तारीख जुळवणं हेच खरं साहस. २०२२ पासून दुबईच्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस, शारजात शुक्रवार अख्खाच सुट्टीचा, आणि खाजगी कंपनीत सगळं साहेबाच्या मर्जीवर. म्हणजे एकाच कंपूत एकाची सुट्टी सकाळीच सुरू झालेली, दुसऱ्याची दुपारी बारानंतर आणि तिसरा शनिवारीही साइटवर.

तारीख ठरली की जागा. कोणीतरी हटकून म्हणतंच, "वादीत जाऊ या का? पाऊस झालाय, पाणी असेल." वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा, जो कोरडा नसतो तेव्हा सांगून येत नाही. मे २०२३ पासून पावसात वादी किंवा धरणापाशी घोळका केला तर १,००० दिरहॅम दंड आणि ६ काळे गुण. पाणी आलेल्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहॅम, २३ काळे गुण आणि गाडी ६० दिवस सरकारजमा. चोविसाव्या गुणाला परवाना जातो. सरकारने एक गुण सुधारण्यासाठी शिल्लक ठेवलाय. त्यानंतर १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐनकडच्या खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाणी पडलं. "एवढा तर आमच्याकडे एका रात्रीत पडतो," असं कंपूतले रत्नागिरीकर म्हणतात खरे, पण तेही त्या दिवशी बाल्कनीतून खाली तरंगणाऱ्या गाड्या मोजत होते. तेव्हा वादी रद्द. लहबाब ओलांडून अल मदामच्या बाजूची लाल वाळू नक्की.

अशा कंपूंतली माणसं बदलतात, भूमिका बदलत नाहीत. एक नेते. यांची फोर बाय फोर मॉलच्या पार्किंगखेरीज दुसरा चढ चढलेली नसते. एक शारजाचे काका. "आमच्या वेळी इथे काही नव्हतं" हे त्यांचं पालुपद, आणि मुक्कामही काही नसलेल्याच जागी असल्याने या सहलीत त्यांना विशेष भाव. एक वहिनी, ज्या यादी करतात. आणि सांगलीहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या आजी, ज्यांना कुठे नेतायत हे कोणीच नीट सांगितलेलं नसतं.

यादीचे दोन भाग असतात: 'लागणारं' आणि 'असू दे'. लागणाऱ्यात तंबू, पाणी, विजेऱ्या, औषधं. असू देमध्ये दुसरा कुकर, तिसरी कढई, मिसळीचा कट बर्फाच्या पेटीत, थालीपिठाची भाजणी, सतरंज्या, पत्ते, कॅरमबोर्ड आणि इडलीचं पात्र. इडलीचं पीठ वाळवंटात थंडीने फुगत नाही, हे गेल्या वर्षी कळूनसुद्धा.

याच मुलुखाच्या दक्षिण टोकाला १९४६ च्या डिसेंबरात विल्फ्रेड थेसिजर हा इंग्रज उंटांवरून 'रुब अल खाली' हे वाळवंट ओलांडून लिवाजवळ येऊन पोचला. बेदुईन त्याला 'मुबारक बिन लंडन' म्हणत. शिधा संपलेला. साथीदारांना लिवाच्या वस्तीत धान्य आणायला पाठवून हा तीन दिवस वाळूत उपाशी पडून राहिला, आणि ते आले तेव्हा थोडा गहू नि वाईटसा खजूर घेऊन आले. त्या प्रवासावर त्याने १९५९ साली 'अरेबियन सँड्स' हे पुस्तक लिहिलं. नेत्यांनी ते वाचलेलं असतं, वहिनींनी नसतं, पण बोध वहिनींनीच घेतलेला असतो: फरसाणाची दोन पाकिटं जास्त.

डांबर संपतं तिथे खरी परीक्षा. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा निम्म्याहून खाली आणावी लागते. पस्तीसची पंधरावर आली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवरून तरंगत गेल्यासारखी जाते. पण पैसे देऊन भरलेली नसली तरी आपल्या गाडीची हवा आपणच सोडायची, हे काही मनाला पटत नाही. टायरच्या तोंडाशी काडी दाबून बसलेले नेते पंचविसावर येऊन उठतात. "पुरे. रिमला धोका नको."

पुढच्या उंचवट्यावर गाडी पोटावर बसते. घाबरून आणखी ॲक्सिलरेटर दिला की चाकं जागच्या जागी फिरून स्वतःसाठी खड्डे खणतात, आणि मग सगळे पुरुष गुडघ्यावर बसून मुलांच्या बीचवरच्या फावड्यांनी वाळू उपसू लागतात. फावडी गुलाबी असतात. आजी गाडीतच बसून विचारतात, "एवढी वाळू अशीच पडून? आमच्याकडे रात्रीतून नदी उपसून नेतात." यावर कंपूतला स्थापत्य अभियंता हातातलं फावडं ठेवून सांगतो की वाऱ्याने घासून घासून हे कण गोल गुळगुळीत झालेत, काँक्रीटमध्ये धरत नाहीत, आणि दुबईला इमारतींसाठी वाळू बाहेरून आणावी लागलीय. "म्हणजे घरात असून उपयोग नाही," आजी म्हणतात, आणि का कोण जाणे, नेत्यांकडे बघतात.

सुटका नेहमीच्या पद्धतीने होते. कुठूनतरी एक जुना लँड क्रूझर पिकअप उगवतो. आत पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातला विशी-बाविशीचा अमिराती पोरगा, पायात चपला. तो सलाम करतो, चारही टायरांची जास्तीची हवा न विचारता सोडतो, किल्ली मागून घेतो, गाडी आधी थोडी मागे, मग सरळ पुढे अशी काढून देतो आणि पैशांचं नाव काढताच छातीवर हात ठेवतो. वहिनी त्याला चकलीचा डबा देतात. तो एक चकली उचलून "यल्ला" म्हणत टेकडीपलीकडे दिसेनासा होतो. पुढची दहा मिनिटं नेते आपल्या गाडीचा गिअरबॉक्स वेगळ्या पद्धतीचा असल्याचं समजावून सांगतात.

मुक्कामाची जागा एका झाडापाशी ठरते. आजी गाडीतून उतरतात, फांदी हातात धरून बारीक पानं निरखतात आणि म्हणतात, "अगं बाई, ही तर शमी!" खरंच शमी. इथे तिला गाफ म्हणतात. २००८ पासून अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष, २०१९ च्या 'सहिष्णुता वर्षा'चं बोधचिन्ह. मुळं तीस मीटरपर्यंत खाली पाणी शोधत जातात, म्हणून पाऊस असो नसो, झाड हिरवं. ते तोडायला कायद्याने बंदी आहे हे ऐकल्यावर आजी गणपतीसाठी खाली गळलेली पानं तेवढी रुमालात बांधतात आणि नेत्यांच्या हातातला ब्लूटूथ स्पीकर बघतात. "पांडवांनी वर्षभर शस्त्रं ठेवली होती शमीवर. तुला हे एक रात्र ठेवायला जड आहे का?" स्पीकर फांदीला लटकतो तो सकाळपर्यंत. तंबू मात्र झाडापासून लांब, कारण सावलीला उंट बसतात, आणि उंट गेले तरी त्यांच्या गोचिडी तिथेच पाहुण्यांची वाट बघतात.

तंबूच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. यावर उपाय असा, की पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि ती हातभर खोल पुरायची. बासमतीच्या रिकाम्या पिशव्यांचा असा सदुपयोग झालेला पाहून वहिनींना या सहलीबद्दल पहिल्यांदा आदर वाटतो.

मग 'तो' प्रश्न. अमेरिकन जंगलांचा दंडक साधा आहे: पाण्यापासून २०० फूट लांब, सहा ते आठ इंच खड्डा, वरून माती. वाळवंटात तोही पुरत नाही. कोरड्या वाळूत काही कुजत नाही, आणि आज पुरलेलं उद्या वारा उघडं करतो, त्यामुळे जाणकार सगळं पिशवीत बांधून परत नेतात. या विषयावर ग्रुपमध्ये आठवडाभर सांकेतिक भाषेत चर्चा झालेली असते, आणि तिचं फलित म्हणजे एक उभा, निळा, घडीचा तंबू. तो पिशवीतून काढला की आपोआप उघडतो. उघडल्याबरोबर वाऱ्यावर निघतोही. त्याच्या तळाला बासमतीची पिशवी बांधायचं राहून गेलेलं असतं. दोन मुलं त्याच्यामागे धावतात, काका दिशा सांगतात, तंबू शारजाच्या हद्दीत शिरतो. एवढ्यात आजी कोपऱ्यातलं पत्र्याचं टमरेल उचलतात, विजेरी घेतात आणि टेकडीमागे चालू लागतात. लहानपण सांगली जिल्ह्यातल्या वाडीवर गेलेलं. या सगळ्या कंपूत, उपकरणांसकट, उघड्यावर राहण्याचा पूर्वानुभव असलेली ही एकच व्यक्ती आहे, हे तेव्हा बाकीच्यांच्या लक्षात येतं.

त्यानंतर सूत्रं आजींकडे. जाळ थेट वाळूवर नको म्हणून पायांची लोखंडी शेगडी आणलेली असते. ती पेटवायला काकांनी चार फायरस्टार्टर संपवलेले असतात. आजी सरपण सोडून पुन्हा रचतात आणि एका काडीत पेटवतात. जेवणं झाल्यावर उरलेले निखारे वाळूखाली पुरायला निघालेल्या नेत्यांना त्या हातानेच थांबवतात. पुरलेला निखारा कितीतरी वेळ धगधगत राहतो, वरून काही दिसत नाही, आणि पहाटे त्यावर पोराचा पाय पडतो. पाणी ओतून, काडीने ढवळून, मग पिशवीत.

आधी पोटोबा झाला, आता विठोबा म्हणून भजनाची टूम निघते, तोच काका खिशातून जांभळ्या प्रकाशाची विजेरी काढतात. अतिनील प्रकाशात विंचू हिरवट चमकतो. ही माहिती शास्त्रीय दृष्ट्या अचूक आहे आणि सामाजिक दृष्ट्या घातक. विजेरी लावेपर्यंत सगळे निवांत असतात. ती लावल्यावर झुडपाच्या बुडाशी एक हिरवा ठिपका दिसतो, मग थोडा अलीकडे दुसरा, आणि भजनी मंडळ बघता बघता गाड्यांच्या बॉनेटवर बसलेलं असतं. आजी सतरंजी झटकतात, चपला उलट्या आपटतात आणि आडव्या होतात. "त्याच्या घरी आपण आलोय. बत्ती विझवा."

अंधारात पूर्वेला जबल फायाची काळी रेघ. त्या डोंगरापाशी माणसं २ लाख १० हजार वर्षांपूर्वीपासून येऊन राहिल्याचे पुरावे मिळालेत. २०२५ साली युनेस्कोने फायाचा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदवला. तेव्हाही नळ नव्हता, संडास नव्हता. निदान घडीचा तंबू उडून गेल्याची खूण तरी उत्खननात सापडलेली नाही.

वाळवंटात पहाटे सगळं ओलं होतं, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. हिवाळ्यात धुकं आणि दव असं पडतं की तंबू ठिबकतात, उशा गार पडतात आणि इडलीचं पीठ पातेल्यात होतं तेवढंच असतं. धुक्यातून आधी ओठ दिसतात, मग मान, मग अख्खा उंट. त्याच्यामागे आणखी तीन. पहिला थेट कांद्याच्या टोपलीकडे. वहिनी "शुक शुक" करतात, ते मांजरासाठीचं असल्याने उंट दुर्लक्ष करतो. कांद्यांवरून त्याचं लक्ष उडतं ते शेजारच्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे, आणि इथे मात्र काका खरोखर धावतात. दुबईच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत २००८ पासून तपासलेल्या सुमारे ३०,००० उंटांपैकी ३०० जणांच्या पोटात प्लॅस्टिकचे गोळे सापडले होते. काही तर मोठ्या सुटकेसएवढे. उंटाला पोट भरल्यासारखं वाटतं, आणि तो उपाशी मरतो. त्यामुळे सकाळचे दोन तास वेचणीचे: पिशव्या, बाटल्यांची झाकणं, फरसाणाचे कण, मागच्या कोणा कंपूने सोडलेले चमचेसुद्धा. निळा तंबू दीड किलोमीटरवर एका झुडपात सुखरूप सापडतो.

परतीला डांबर लागलं की पहिल्या पेट्रोल पंपावर हवा भरायची रांग. पुढे बारा गाड्या, प्रत्येकीच्या छपरावर सतरंज्या, प्रत्येकीतून उतरलेला एक नेता आपण कुठल्या टेकडीवर चढलो ते शेजारच्याला सांगतोय. आजी गाडीत बसून सांगलीला व्हिडिओ कॉल लावतात. "अगं, दुबई कसली, रानात नेलं होतं. शमी आहे, चूल आहे, विंचू आहेत, सगळं आपल्या वाडीसारखं. उंट तेवढा जास्तीचा. बुर्ज खलिफा पुढच्या आठवड्यात दाखवतो म्हणालेत. तिथे संडास आहे म्हणे."