बाप, लेक आणि लाट

परदेशी सर्फिंगपटाचा साचा ठरलेला: बाप बिनसलेला, पोरगा घुम्या, मध्ये फळी, समोर लाट. सायमन बेकरच्या 'ब्रेथ'मध्ये (२०१७) पोरांना वयात आणतात ते समुद्र आणि बापाच्या वयाचा एक वस्ताद.

भंडाऱ्यात हे जमायचं कसं? इथून विशाखापट्टणमचा समुद्र लांब, मुंबईचा त्याहून लांब.

पण लाटेवाचून अडत नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. पुढे तो १८ हजार कोटींपलीकडे गेला. एवढी उंच लाट हवाईतही उठत नसावी. पायाभरणीच्या वर्षी बुडीत गावात जन्मलेला पोरगा वयात आला, बोहल्यावर चढला, बापही झाला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मात्र अजून प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी. बाप-लेकात ताण हवाच असेल तर संवाद तयार आहे: मोबदल्याचे पैसे मोटारसायकलीत कोणी घातले?

ऑगस्ट २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं आणि भंडारा शहरात थेट घरात शिरलं. फळी कोणाकडेच नव्हती.

आता गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटन करायचं ठरलंय. ज्यांच्या बांधावरून बोट जाणार, त्यांना तिकिटात सवलत मिळणार का, एवढंच कोणी विचारलेलं दिसत नाही.