काट्यावरचे अण्णा

हे गृहस्थ तुमच्याही गावात असणारच. आमच्या अण्णांची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात गेली. आता बारामतीत बसून ते नातेवाईक तोलतात. कोणाचं पोरगं कॅनडाला निघालं असं कळायचा अवकाश, अण्णा दारात. "तिकडं कोण आहे? सख्खा का चुलत?"

इंदापूरला एका लग्नात मी अक्षता घेऊन उभा. मंगलाष्टकं चालू, आणि अण्णा माझ्या कानाशी. "नवरीची मावशी ब्रॅम्प्टनला. कॅनडाच्या पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याला, पाच पॉइंट. पास व्हायला 100 पैकी 67 लागतात, त्यात पाच म्हणजे काय कमी झाले? नवऱ्याचा मामेभाऊ टोरंटोला आहे, त्याचा मात्र भोपळा. मावशी चालते, मावशीचं पोरगं चालत नाही. ऑस्ट्रेलियात मामेभावाचे 15 मिळतात, पण तो सिडनी-मेलबर्नला नको, आडबाजूला राहणारा पाहिजे." तेवढ्यात 'सावधान' झालं. "पोरगं अठ्ठावीसचं. 67 च्या पुढचा कॅनडाचा तक्ता वेगळा, त्यात एकटं गेलं तर वयाचे 110, बायको घेऊन गेलं तर 100. बघ, हार पडायच्या आत दहा गेले!"

कॅनडातल्या सख्ख्या भावंडाचे त्या दुसऱ्या तक्त्यात 2017 पासून वेगळे 15 मिळतात. सावत्र चालतो, दोन भाऊ असले तरी पंधराच. हे कळल्यापासून अण्णांनी बारामतीच्या कोर्टातली भावकीची भांडणं मनावर घेतलीत. बांधावरून थोरल्याशी अबोला धरलेल्या एका धाकट्याला त्यांनी फोन करायला लावला, कारण थोरला कॅनडात, आणि त्याच्या पीआर कार्डाची प्रत अन् पत्त्याचा पुरावा त्याच्याशिवाय कोण देणार? "दीड फूट बांध सोड. फुटाला दहा पॉइंट पडतात."

नीरेकाठच्या दहाव्यालाही तेच. गेलेले गृहस्थ कॅनडाचे नागरिक. कावळा शिवेना, उन्हात सगळे ताटकळलेले, आणि अण्णा पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "काका होते तोवर तुझे पाच होते रे." त्यावर पुतण्याला खरंखुरं रडू फुटलं.

वैताग येतो, पण त्यांचं एक म्हणणं मला खोडता आलेलं नाही. सोसायटीच्या कर्जापासून कारखान्यातल्या नोकरीपर्यंत नात्याला आपल्याकडेही पॉइंट असतातच, कॅनडावाले निदान तक्ता छापतात. बारामतीत कुठल्या आडनावाला किती, हे मी विचारलं नाही. मला इथंच राहायचंय.

पुण्यातले एजंट ज्या फाईलकामाचे पैसे मोजून घेतात, ते अण्णा चहावर करतात, तोही बिनसाखरेचा. जन्मदाखल्यात आजोबांचं नाव चुकलं तर स्वतः सरकारी कचेरीत खेटे घालतात.

गेल्या महिन्यात त्यांच्याच पुतण्याची फाईल आली. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून पोरगं अण्णांच्याच ताटात जेवलेलं. अण्णांची लेक विनिपेगला पक्की झालेली. पण कागदावर ती चुलत बहीण, म्हणजे शून्य. रीतसर दत्तक घेतला असता तर सख्खी धरली असती, पुरे पंधरा.

"घरातल्याच पोराचा कागद कशाला करायचा, म्हटलं तेव्हा," एवढंच बोलले. मग चष्मा पुसून लेकीला फोन लावला. तिकडं मध्यरात्र असेल, याचं त्यांना काय!

"झोपली होतीस का? बरं, मला सांग, विनिपेग सोडून ॲडलेडला जायला जावईबापू तयार होतील का?"