नवऱ्याचा रकाना

एचआयव्हीचा सरकारी तक्ता गावच्या पंगतीसारखा असतो. कोणी कुठे बसायचं ते आधीच ठरलेलं. २०२१ च्या देशपातळीवरच्या पाहणीचाच घ्या. सुईने नशा करणारे : ९.०३ टक्के. तृतीयपंथी : ३.७८. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष : ३.२६. कैदी : १.९३. धंदा करणाऱ्या बायका : १.८५. त्यानंतर लांब पल्ल्याचे ट्रकवाले आणि बायकापोरं गावी ठेवून कामाला आलेले मजूर. या दोघांना कार्यक्रमाच्या भाषेत ‘ब्रिज’ म्हणतात, म्हणजे पूल. विषाणू म्हणे या पुलावरून वस्तीतून घरात येतो.

ट्रकवाला पूल, बिगारी पूल. मग पेढीवरचे शेठ, कचेरीतले भाऊसाहेब, लागून सुट्ट्या आल्या की मित्रांबरोबर ‘देवदर्शनाला’ निघणारे काका? छे, ते पूल कसले! ते सर्वसाधारण लोकसंख्या.

आता ही सर्वसाधारण लोकसंख्या मोजतात कशी? गरोदर बायकांच्या रक्तावरून. दवाखान्यात नाव नोंदवायला आलेल्या बाईचं रक्त घ्यायचं आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा. (त्या वर्षी आकडा निघाला ०.२२.) सोयीचं आहे, नाही कशाला म्हणा! गरोदर बाई आपल्या पायांनी दवाखान्यात येते, नवरा येत नाही. म्हणून त्याच्या भानगडींचा हिशेब तिच्या दंडात सुई टोचून लावायचा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पुरुषांचंही रक्त घेतलं होतं. तेव्हा बायकांत ०.२२ टक्के निघाले आणि पुरुषांत ०.३६.

पुणेकरांना तर हे फार आधी कळायला हवं होतं. १९९७ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांतल्या बायकांवरचा एक अभ्यास आला. पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकरांचं. हो, तेच, करोनाच्या पहिल्या लाटेत टीव्हीवर शांतपणे उत्तरं देणारे. धंद्यातल्या बायकांत बाधेचं प्रमाण ४९.९ टक्के होतं आणि बाकीच्यांत १३.६. या बाकीच्या बहुतेक लग्नाच्या, जन्मात एकच पुरुष पाहिलेल्या. मंगळसूत्र हाच त्यांचा ‘हायरिस्क’ गट, पण तक्त्यात त्या नावाचा रकाना नव्हता. आजही नाही.

पुण्यातले ते ४९.९ आणि आज देशातले १.८५ शेजारी ठेवणं जरा ताणलेलं आहे, कबूल. ते दवाखान्यातले, हे देशभरचे. पण धंद्यातल्या बायकांमधलं प्रमाण उतरलं हे खरं, आणि ते पोस्टरांनी उतरलेलं नाही. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेबरोबर याच बायका १९९२ पासून वस्तीवस्तीत निरोध वाटत फिरल्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही, हे सांगण्याचं बळ एकमेकींच्या जोरावर आलं. गिऱ्हाइकांची अशी परिषद कुठे भरल्याचं अजून ऐकिवात नाही.

राज्यवार टक्क्यांच्या यादीत मिझोराम पहिलं, म्हणून आपण सुटकेचा सुस्कारा सोडतो. डोकी मोजली तर पहिला नंबर महाराष्ट्राचा. पण डोकी कोण मोजतो?

घरोघरी मात्र आधी सूनच मोजली जाते. तिसऱ्या महिन्यात तपासणी होते, ती पॉझिटिव्ह निघते आणि घरात ही बातमी पहिली तिच्या नावावर येते. मग सासूला साक्षात्कार होतो, की ही पांढऱ्या पायाचीच होती. गोळ्या फुकट मिळतात, वेळेवर घेतल्या तर बाळ निरोगी जन्मू शकतं, हे समुपदेशक बाई समजावून सांगतात. सून मान हलवते.

“मालकांनाही आणा, त्यांचीही करून घेऊ,” बाई म्हणतात.

मालक बाहेर झाडाखाली गाडीला टेकून उभे असतात. निरोप पोचतो. तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवत ते विचारतात, “मला काय धाड भरलीये?”